शेरूला आराम

पिल्लानं शेरूचा कान पुन्हा धरला, तशी धनवंता हातातलं सूप टाकून धावली.

"सोड रे मेल्या!"

मानगूट धरून तिनं पिल्लू ओढलं. कान सुटला, पण कालची खपली निघाली. शेरू हूं की चूं न करता खाटेखाली आणखी आत सरकला.

खाटेवर तिचा नवरा, उदाराम. पोळा झाला आणि त्याला लकवा मारला. डावं अंग पार बधिर झालं, बोलणं तेवढं शाबूत राहिलं. बारा वर्षं मोहफुलं वेचायला त्याच्यामागं जंगलात हिंडलेला शेरू त्या दिवसापासून खाटेखालून फारसा हललाच नाही. पिल्लू मुलानं आणलं. दुर्गेश कुडव्याहून दिवाळीला आला आणि बाबाचं मन रमेल म्हणून ठेवून गेला. रमलं कुणाचंच नाही.

पिल्लापुढं तिनं जुनी चप्पल टाकून पाहिली, अंगावर पाणी फेकून पाहिलं. दोन घटका थांबून ते पुन्हा खाटेखाली घुसायचं.

शेजारचा शालीकराम कुंपणाशी उभा राहून उघड्या दारातून पाहत होता. "वहिनी, तुमी मधात नोका पडू. म्हातारा शेरू एकदा गुरगुरला का पिल्लाले समजते."

"गुरगुरतच नाई ना भाऊजी तो."

तिनं पिल्लाला खांबाला बांधलं. त्यानं असा काही गळा काढला की उदाराम कावला. "सोड वो त्याले! डोकं फाटून राहिलं माझं."

मग तिनं शेरूला बांधायचं ठरवलं. तो येईना. दोरी ओढली तशी त्याची नखं सारवलेल्या जमिनीवर खरडत गेली. घरामागच्या गुरांच्या रिकाम्या कोठ्यात तिनं पोतं अंथरलं, वाडग्यात पेज ओतली, त्याच्या कानाला हळद लावली.

"झोप आता. तुले तरी आराम भेटू दे."

घरात आता भांडण नव्हतं. कितीतरी दिवसांनी तिला हायसं वाटलं. उदारामच्या रात्रीच्या ओल्या गोधड्या उचलून ती बोरिंगवर गेली.

पहिली गोधडी पिळेपर्यंत शेरू भुंकायला लागला. त्याचा आवाज तिनं कित्येक महिन्यांत ऐकला नव्हता. म्हाताऱ्यात अजून दम आहे, असं वाटून तिला जरा बरंच वाटलं. पण तो थांबेना. बोरिंगवरच्या बाया वळून पाहू लागल्या.

"चूप बस!" ती तिथूनच ओरडली.

शेरू भुंकतच राहिला. आवाज बसला, घोगरा झाला, मग नुसती घरघर उरली. दुसरी गोधडी धुऊन होईस्तोवर तीही बंद पडली.

ती परतली तेव्हा उदाराम छताच्या कवेलूंकडं पाहत पडला होता. डावा हात खाटेवरून पार जमिनीपर्यंत लोंबत होता. पिल्लू पुढचे दोन्ही पाय त्या हातावर रोवून, शेपटी हलवत, बोटं चावत होतं. दोन बोटांचं मांस उघडं पडलं होतं. खाली रक्ताचं हातभर थारोळं.

धनवंतानं लाथ मारली. पिल्लू केकाटलं. मग खेळच आहे असं समजून उड्या मारत परत आलं. तिनं ते उचलून बाहेर फेकलं आणि दार लावून घेतलं.

"काऊन मारलं वो त्याले?" उदाराम म्हणाला. "मस्त गुपचूप खेळून राहिलं होतं."

तिरोड्याचा दवाखाना. सुया. एकदाच नाही, तीनतीनदा, चारचारदा न्यावं लागेल. या माणसाला गाडीवर बसवायचं कसं, आणि मागून धरायचं कुणी? दुर्गेशला फोन करून काय सांगायचं? ती आत गेली आणि गंजभर पाणी घेऊन आली.

"पाणी कायले?"

"हात धुवाले."

"एवढ्यात सैपाक झाला?" म्हणत उदारामनं उजवा हात उचलला आणि तिच्यापुढं धरला.