दोन चुलींचं घर

दोन्ही सुनांनी घरातल्या घरात वेगळी चूल मांडली, त्याला वर्ष झालं. जावा एकमेकींशी अवाक्षर बोलत नव्हत्या. सासूबाईंनी मात्र त्या वर्षात चांगलं बाळसं धरलं होतं.

आजची सहल त्यांच्याच हट्टाची. माळावर तीन हजार वर्षांपूर्वीच्या वस्तीचे पाये उघडे पडले होते, भोवती कमरेएवढं गवत डोलत होतं. सुना तोंडं फिरवून उभ्या होत्या आणि सासूबाई, कानात वारं शिरलेल्या वासरासारख्या, या दगडावरून त्या दगडावर.

“हे एकाच कुटुंबाचं घर,” गाईड म्हणाला, “पण चुली दोन. मधे ही एवढीशी खोली, तिला दोन दारं. एक या चुलीकडे, एक त्या चुलीकडे. दोन दारं कशाला, हे कोडं अजून कुणालाच सुटलेलं नाही.”

“त्यात कसलं आलंय कोडं?” सासूबाईंना हसू आवरेना. “या दारातून जाऊन सांगायचं, तिकडे उपाशी ठेवतात. त्या दारातून जाऊन सांगायचं, इकडे उपाशी ठेवतात.”

वर्षभरात पहिल्यांदाच धाकटी थोरलीकडे वळली.

“जाऊबाई, तुमच्याकडेही जेवतात?”