मेहुण्याचा ड्राइव्ह

"सगळं नॉर्मल आहे, उगाच जिवाला घोर लावून घेतलास," असं ठणकावून सांगत त्याने बायकोच्या स्कॅनची सीडी तिच्याच हातात दिली. डॉक्टरांचा रिपोर्टही त्या सीडीतच होता. पण घरातल्या जुनाट कॉम्प्युटरचा सीडी ड्राइव्ह केव्हाच बंद पडला होता, त्यामुळे तो निर्धास्त होता.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी कामावरून येऊन बघतो तर काय, टेबलावर मेहुण्याचा बाहेरून जोडायचा ड्राइव्ह आणि त्याची वायर कॉम्प्युटरला खोचलेली!

"दादाने पाठवलाय. पण कसलं काय, अहो!" कपड्यांच्या घड्या घालत बायको म्हणाली. "सकाळी जोडला, तर साधा लाइटसुद्धा लागेना. आपल्या म्हाताऱ्या कॉम्प्युटरला कुठलं झेपतंय! मग दिला नाद सोडून. तुम्ही सांगितलंत ना सगळं ठीक आहे, मग झालं तर."

आणि ती छान हसली.

त्याचा जीव भांड्यात पडला. वायर काढून त्याने ड्राइव्ह खोक्यात भरायला उचलला.



ड्राइव्ह अजून गरम होता.