नळी थंड होईपर्यंत

पडद्यावरचा आकडा वाचून प्राध्यापक म्हणाले, "चोवीस टक्के."

चुंबकाच्या पोटात तेवढंच द्रव हेलियम उरलं होतं. वीसच्या खाली गेलं की आतल्या तारा उघड्या पडणार, तापणार, आणि उरलंसुरलं हेलियम एका फटक्यात वाफ होऊन छताबाहेर पसार होणार. त्याबरोबर अकरा दिवसांचं मोजमापही. चार तास उशिरा आलेली भरलेली टाकी आता शेजारीच उभी होती. मधे फक्त एक वाकडी नळी, आणि ती आत्यांच्या हातात.

त्या कोणाच्याच आत्या नव्हत्या. चुंबक थंड ठेवणं हे त्यांचं काम. पण प्रयोगशाळेत लहानथोरांना सारख्याच हक्कानं झापत, म्हणून हे नाव पडलेलं. नळीचं एक टोक टाकीत बुडवून दुसरं त्यांनी हवेत धरलं होतं. त्यातून नुसता सूं सूं वारा येत होता.

"तेवीस. अहो आत्या, घाला ना आत!"

"नळी गरम आहे."

"गरम कसली? या खोलीइतकीच तर आहे!"

"तेच म्हणतेय. हेलियमच्या हिशेबी ही खोली म्हणजे भट्टी. आत्ता घातली तर गरम फुंकर बसेल, आहे तेही उडून जाईल."

प्राध्यापकांना हे ठाऊक नव्हतं असं नाही. त्यांच्या पुस्तकात यावर अख्खं प्रकरण होतं, आकृत्यांसकट. पण पुस्तकात आकडा असा डोळ्यांदेखत उतरत नाही.

"बावीस! एकवीस! माझी पाच वर्षांची तयारी आहे हो त्यात!"

"माहितेय. म्हणूनच थांबलेय."

टोकाशी वाफ दिसू लागली. आधी विरळ, मग पांढरी. प्राध्यापकांचा हात नळीकडे निघाला. आत्यांनी नुसतं बघितलं. हात खिशात गेला.

मग वाफेचा फरफराट थांबला आणि टोकातून एक घट्ट, आखूड, पांढरीशुभ्र जीभ बाहेर आली. नळी गार झाली होती. त्याच क्षणी आत्यांनी ती फिरवली आणि एका दमात चुंबकात उतरवली.

वीस.

वीस.

वीस.

एकवीस.

प्राध्यापक खुर्चीत बसले आणि चष्मा पुसू लागले. तो स्वच्छच होता. मग म्हणाले, "पुढच्या वेळी मी धरू का नळी?"

"धरा की. पण गप्प राहून धरावी लागते."

प्राध्यापकांनी तोंड उघडलं, मिटलं, आणि नुसती मान डोलावली.