‘आई’ म्हटलं की

ती घरी बसून कोर्टातल्या जबाबांचं रेकॉर्डिंग ऐकून टाइप करायची. हेडफोन घातले की जग बुडालं तरी तिला पत्ता लागायचा नाही, म्हणून नवऱ्याने फोनमध्ये एक ॲप टाकून दिलं. घरात कुणी ‘आई’ म्हटलं, की रेकॉर्डिंग आपोआप थांबायचं.

त्या दुपारी ते अचानक थांबलं. ती धावत लेकीच्या खोलीत गेली. लेक खाली मान घालून चित्र रंगवत बसली होती.

“काय गं, हाक मारलीस?”

“मी नाही.”

ॲपचं काही खरं नाही, असं पुटपुटत ती परत कामाला बसली. दोन वाक्यं टाइप होतात न होतात तोच आवाज पुन्हा बंद पडला. या वेळी लेक तिच्या समोरच उभी होती, तोंड मिटून. तिने हेडफोन काढून फेकले आणि कानोसा घेतला.

कधी कुणाकडे पेलाभर पाणीही न मागणाऱ्या सासूबाई बाथरूमच्या बंद दाराआड पडल्या होत्या, आणि चाळीस वर्षांपूर्वी गेलेल्या आपल्या आईला बोलावत होत्या.

“आले,” म्हणत सुनेने दाराला खांदा लावला.