काळ्या दीपाची पिवळी कुर्ती

दीपाने पिवळ्या कुर्तीला हात लावला आणि काउंटरपलीकडच्या स्नेहलने ती कुर्ती अलगद बाजूला सारली. ‘‘काकू, ही नगं. थांबा, मी दुसरी दावते,’’ असं म्हणून ती फळीवरचे गठ्ठे उतरवू लागली.

महाद्वार रोडवरच्या त्या दुकानात दीपा पाऊण तास बसली होती. रविवारी पन्हाळ्यावर तिच्या शाळेच्या वर्गाचा मेळावा होता, दहावीनंतर तेहतीस वर्षांनी. साड्या नकोत, साध्या कुर्तीत या, असा ग्रुपवर हुकूम निघाला होता. येते म्हणून दीपाने कळवून टाकलं होतं, फोटो मात्र पाठवला नव्हता. शिरोळच्या त्या वर्गात दोन दीपा होत्या, एक गोरी आणि एक काळी. ही त्यातली काळी. आणि आता ती त्या गोरीपेक्षाही गोरी झाली होती.

हा गोरेपणा साबणाचा नव्हता, कोडाचा होता. आठ वर्षांपूर्वी करंगळीवर तांदळाएवढा पांढरा ठिपका उठला. तिने दही सोडलं, चिंच सोडली, वांगं सोडलं. ठिपक्याने काही तिला सोडलं नाही. पाच-सहा वर्षं ती चितकबरी होती, तेव्हा लग्नकार्याला जायचंच तिने बंद केलं. मग ठिपके एकमेकांना जाऊन मिळाले आणि गेल्या वर्षी सगळं अंग एकरंगी झालं. डाव्या कोपरावर तेवढा रुपयाएवढा जुना रंग उरला. डॉक्टरांनी मलम दिलं होतं, लावलं की तोही जाईल म्हणाले होते. ट्यूब पर्समध्ये होती. रविवारपुरती लांब बाह्यांची कुर्ती घ्यायची आणि सोमवारपासून मलम सुरू करायचं, असं तिने ठरवलं होतं. म्हणजे काळी दीपा कायमची मिटली असती.

कपिलतीर्थ मंडईत भाजीवालीने पहिल्यांदा ‘गोऱ्या काकी’ म्हणून हाक मारली, तेव्हा खरं तर तिला वाईट वाटायला हवं होतं. पण बाईसाहेबांनी त्या आनंदात अर्धा किलो गवार जास्त घेतली. घरी आल्यावर स्वतःचीच लाज वाटली. गवारही जून निघाली.

पिवळा रंग तिला लहानपणापासून हवा होता. पण आक्का, म्हणजे तिची आई, घेऊ द्यायची नाही. ‘हळदीत पडल्याल्या कावळ्यागत दिसशील,’ म्हणायची. दीपाच्या लग्नातसुद्धा आक्काने हळद बोटभरच लावू दिली, फोटो खराब होतील म्हणून. आता रंग फुकटात मिळालाच आहे, तर एकदा पिवळं घालून घ्यावं आणि शाळेच्या सगळ्या पोरींसमोर मिरवावं, एवढीच दीपाची हौस होती. आपण किती पोरकट आहोत हे तिला कळत होतं. तरी ती उठून गेली नाही.

‘‘तुमी हितल्या वाटत न्हाईसा,’’ स्नेहल म्हणाली.

‘‘शिरोळची हाय की मी.’’

‘‘मग आई गोरी असणार तुमची.’’

दीपाने नुसतं ‘हं’ केलं. आक्का तिच्यापेक्षाही काळी होती.

स्नेहलने गडद निळी, बाटलीहिरवी, मरून अशा कुर्त्या पुढ्यात पसरल्या. गोऱ्या रंगावर हेच उठून दिसतात, असं ती ठासून सांगत होती. दीपाने एकीलाही हात लावला नाही.

‘‘मला पिवळीच पायजे,’’ ती म्हणाली.

स्नेहलने सुस्कारा सोडला, पिवळी कुर्ती दीपाच्या हनुवटीखाली धरली आणि आरसा तिच्याकडे वळवला. आरशात कुर्ती कुठे संपते आणि बाई कुठे सुरू होते तेच कळेना.

‘‘बघा की. काविळीतनं उठल्यागत दिसताय.’’

‘‘मग असले रंग ठेवताय कशाला दुकानात?’’ दीपा चिडून म्हणाली.

‘‘सावळ्यांसाठी. पिवळा सावळ्या अंगालाच खुलतोय, काकू. गोऱ्या माणसांचं ते काम न्हवं.’’

दीपा आरशात बघत राहिली. एक्केचाळीस वर्षं ती या रंगासाठी अगदी योग्य अंग घेऊन हिंडत होती आणि त्याच रंगाला घाबरत होती. ते सावळं अंग गेल्यावर ती तो रंग मागायला आली होती. आक्काला तर हे कुणी सांगितलंच नाही. ती जन्मभर राखाडी आणि तपकिरी लुगड्यांत वावरली आणि तशीच गेली. दीपाला आधी आक्काचा राग आला, मग तिच्यासाठी फार वाईट वाटलं, आणि मग स्वतःचंच असं हसू फुटलं की शेजारची गिऱ्हाइकं वळून बघायला लागली.

‘‘काय झालं, काकू?’’

दीपाने डावी बाही वर सरकवली आणि कोपर काउंटरवर ठेवलं. स्नेहलने त्या तपकिरी ठिपक्याकडे पाहिलं, मग दीपाच्या चेहऱ्याकडे पाहिलं, आणि निळ्या कुर्तीची घडी घालता घालता तिचा हात थांबला. दीपाने पिवळ्या कुर्तीचं टोक कोपराला टेकवलं. पोरगी खोटं बोलली नव्हती.

‘‘मग ह्याच्यासाठी द्या,’’ दीपा म्हणाली. ‘‘आणि बाही आखूड बघा.’’