भुजंगचं बदललेलं नाव

बोरी गावाच्या फेसबुक गटावरच्या गप्पांचा अभ्यास पुरा झाला की राजेश्रीला डॉक्टरेट मिळणार होती, पाठोपाठ कॉलेजातली कायम नोकरी. बोरीकरांना काय मिळणार, हे कुणी विचारलंच नव्हतं.

अशा संशोधनात माणसांची खरी नावं लपवायची असतात. म्हणून तिनं आपल्या लॅपटॉपात गटावरच्या भुजंग या शेतकऱ्याचा ‘जीवन’ केला. कुणाला दाखवलं नाही.

दुसऱ्या दिवशी गटावर कुणीतरी विचारलं, “जीवनभाऊ, सोयाबीनवर काय फवारलं?” आणि भुजंगनं निमूट उत्तर दिलं.

कुणी थट्टा करायलंय असं वाटून ती थेट बोरीला त्याच्या दारात जाऊन उभी राहिली.

“भुजंगभाऊ आहेत का?”

“कोण भुजंग?” त्याची आई दगडाबाई म्हणाली. “माझा एकच लेक, जीवन. रानात गेलाय.”

दारावर नाव जीवनचंच होतं, आणि त्याचा रंग कैक वर्षांच्या उन्हानं विटला होता.

“हे नाव कुणी ठेवलं?”

“बारशाला नाव आत्याच ठेवती की!” दगडाबाई तिला निरखत हसली. “अन् मलाच काय इचारता, वन्सं? पाळण्यावर वाकून तुमीच तर त्याच्या कानात सांगितलं.”

राजेश्रीनं परभणीला आईला फोन लावला.

“कोण राजेश्री?” आईचाच आवाज. “आमाला लेक न्हाई, बाई.”

लपवायला खरं नावच उरलं नव्हतं, डॉक्टरेट आता कुठंच अडत नव्हती. भुजंगनं नाव देऊन तिची किंमत भरली होती, राजेश्रीनं आई देऊन.