नव्या कुलपातली फाईल

दत्तक संस्थेच्या खोलीत लोकांनी संचालकांना धारेवर धरलं होतं. संस्थेच्या जुन्या फायली इंटरनेटवरून सरकारी कार्यालयाकडे पाठवताना वाटेतच कुणीतरी त्यांच्या नकला पळवल्या होत्या. कोणत्या मुलाला कुणी जन्म दिला, ते कुणाच्या घरी गेलं, सगळं त्यात होतं.

“फायली सांकेतिक भाषेत कुलूपबंद आहेत. आज त्या कुणालाही उघडता येणार नाहीत,” संचालक म्हणाले.

“आज नाही. आणि उद्या?” मागून एक गृहस्थ ओरडले.

संचालकांनी संस्थेच्या संगणक अभियंत्याकडे पाहिलं. तो उभा राहिला. खोटं बोलणं त्याला जमत नसे. आजच्यापेक्षा कैक पटींनी ताकदवान असे क्वांटम संगणक येऊ घातलेत, तो म्हणाला. ते आले की जुनी कुलपं टिकणार नाहीत. दहा वर्षं, फार तर पंधरा. चोर तेवढ्याचसाठी थांबलेत. यावर असा गलका उसळला की त्याचं पुढचं कुणी ऐकूनच घेतलं नाही.

दुसऱ्या रांगेतली एक बाई मात्र बोटांवर वर्षं मोजत होती. दवाखान्यातली परिचारिका, कामावरून थेट गणवेशातच आलेली.

“म्हणजे साठीला आलेली असेन,” ती स्वतःशीच पुटपुटली.

खोली रिकामी झाली. अभियंता वायरी गुंडाळत होता. ती त्याच्या टेबलापाशी येऊन उभी राहिली.

“भाऊ, फायली उघडल्या तर सगळ्यांना दिसतील?”

“अशा गोष्टी एकदा बाहेर फुटल्या की शोधणाऱ्याला सापडतातच, ताई.”

“आईचं नाव? गाव?”

“सगळंच.”

तिने पर्स छातीशी घट्ट धरली. चोरी झाल्यापासून तो नुसत्या शिव्याच खात होता. निदान एका माणसाला तरी चांगली बातमी द्यावी, असं त्याला फार वाटलं. त्याने तिचा फाईल क्रमांक विचारला आणि लॅपटॉप उघडला.

पोस्ट-क्वांटम एन्क्रिप्शन, म्हणजे क्वांटम संगणकालाही न तुटणारं नवं कुलूप, बसवा म्हणून तो वर्षभर संचालकांच्या मागे लागला होता. तहान लागल्यावर विहीर खणणार का, असं त्यांच्याशी भांडला होता. भित्यापाठी ब्रह्मराक्षस, म्हणून ते हसले होते. शेवटी कंटाळून त्यांनी मान डोलावली, तोवर बहुतेक फायली जुन्याच कुलपात रवाना झाल्या होत्या. नवं कुलूप लागलं ते फक्त शेवटच्या गठ्ठ्याला.

तिची फाईल त्यात होती.

त्याचा चेहरा उजळला. “ताई, सुटलात तुम्ही!”

“म्हणजे?”

“तुमची फाईल नव्या कुलपात गेलीय. क्वांटम संगणक आले तरी ते तुटायचं नाही. चोरांनी कितीही डोकं आपटू दे.”

“कधीच नाही?”

“तुमच्या-माझ्या हयातीत तरी नाही.”

ती मटकन खुर्चीत बसली. जीव भांड्यात पडला बिचारीचा, असं वाटून त्याने पाण्याचा पेला तिच्यापुढे सरकवला. तिने तो घेतला नाही. मग डोळ्यांतून पाणी ओघळलं तेव्हा तेही तिने पुसलं नाही.

“ताई, अहो, आता कसली भीती?”

“एकोणीस वर्षांची होते. वडिलांनी हात धरून सही करायला लावली, की माझं नाव कायमचं गुप्त ठेवा,” ती म्हणाली. “नंतर किती अर्ज केले इथे. एकदा केलेली सही फिरवता येत नाही म्हणाले. मग ही चोरी झाली, आणि पहिल्यांदाच वाटलं, चला, आता कधीतरी माझ्या लेकीला मी सापडेन.”